आवाज पूर्वीसारखाच हवा

एवढंच म्हणाला इद्वल पॅरी
आणि त्रेसष्ट सालच्या ट्रायम्फची किल्ली
माझ्या हातात ठेवली.
पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा, मी विचारलं.
त्यानं कानामागचं यंत्र जरा दाबलं
आणि हवेबद्दल बोलू लागला.

डोल्गेथ्लायच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या खाणीच्या शेडमध्ये
माझं गॅरेज. लिफ्ट एक. हीटर आहे, चालत नाही.
गाडी वर घेतली
तेव्हा सायलेन्सरच्या पोटाला
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला दिसला.
पत्र्यावर पट्टी, पट्टीवर तार, तारेवर पुन्हा पट्टी.
साठ वर्षांत ज्यानं ज्यानं म्हटलं
एवढा उन्हाळा निघू दे,
त्या प्रत्येकाची सही तिथं होती.
टिचकी मारली, तर गंजाचा भुगा
डोळ्यांत, दातांत, चहात.

मॅनिफोल्डचे पाच नट सुटले.
सहावा स्टड मुळापाशी मोडला.
तेल पाजलं, आच दिली, गोंजारला, मग शिव्या,
आधी इंग्रजीत, मग आमच्या वेल्शमध्ये.
लोखंडाला वेल्शच लागू पडते असं माझा काका म्हणायचा.
दीड दिवस गेला.
बिलात त्याला एक ओळ मिळते.

नवे पाइप आले, स्टेनलेस स्टीलचे,
दवाखान्यातल्या ट्रेसारखे स्वच्छ.
चार नळ्या, पुढं दोन, शेवटी एक:
चार भावंडांचं भांडण
दाराबाहेर पडेपर्यंत मिटावं, तसं काहीतरी.
खोक्यावर छापलं होतं, आठ अश्वशक्ती जादा.
ब्याऐंशीव्या वर्षी आठ घोडे बांधणार कुठं, मी विचारलं.
घोडे तू ठेव, तो म्हणाला.

पहिल्यांदा सुरू केली.
आवाज चकचकीत, कडेला पातळ,
बादलीत चिल्लर ओतल्यासारखा.
इद्वलनं मान हलवली. हा नाही.
ऐकू आला?
नाही, म्हणाला, आणि खोकं ओढून गाडीमागं बसला.
डाव्या हाताचा तळवा डिकीवर ठेवला.
चाळीस वर्षं मेंढ्यांचा डॉक्टर होता तो,
मार्चच्या थंडीत, कंदिलाच्या उजेडात
गाभण मेंढीच्या पोटावर हाच हात ठेवून
सांगायचा: एक. दोन. आणि हे एक आडवं.

मग मी सायलेन्सर बदलला.
हात म्हणाला, नाही.
मधे आणखी एक डबा जोडला, लांबट.
हात थांबला, विचारात पडला.
शेपटाकडचा पाइप चार इंच कापला,
रबरी टांगण्या जरा सैल केल्या,
कार्ब्युरेटरच्या सुया बदलल्या, कारण नव्या नळीतून
इंजिनाला श्वास जास्त आणि पेट्रोल कमी पडत होतं.
प्लग उघडून पाहिले:
चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग.
पुन्हा चावी.

त्यानं डोळे मिटले.
यंत्र कानामागून काढून खिशात टाकलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग तळवा उचलून स्वतःच्या बरगडीवर ठेवला,
हे इथं लागायचं, म्हणाला,
मी तेव्हा शेजारच्या सीटवर असायचो.

संध्याकाळी गेला तो,
टोपी कानांवर ओढून, छत उघडं टाकून.
चर्चच्या उतारावर पाय उचलला असणार,
कारण पाइपनं दोन-तीनदा फटफट केलं
आणि भिंतीवरच्या मेंढ्या, छे, भिंतीपलीकडच्या,
एकदम वळून बघू लागल्या.
मी पाना हातात घेऊन उभी.
त्याला न ऐकू येणारा आवाज
वळणापर्यंत मला ऐकू येत राहिला,
वळणानंतरही थोडा.

आठच्या सुमारास फोन वाजला.
पोस्टातली एलीनेड.
आत्ता खालून गेला तो कोण, म्हणाली,
मी हातातलं भांडं तसंच टाकून दारात आले,
वाटलं, गेथिन आला.

गेथिन पॅरी. गाडीच्या जुन्या पुस्तिकेत
पहिल्या मालकाच्या रकान्यात
हे नाव मी वाचलं होतं,
शाई तपकिरी पडलेली, आडनावाखाली दोन रेघा.

पाइप नवा आहे, मी म्हणाले.
बराच वेळ दोघींनीही फोन ठेवला नाही.